गिझरची कॉइल तापते, मग तिथवर जाणारी वायर का तापत नाही?

रावपुऱ्याची_सून

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, एक लेकीचा आणि एक माझा. विषय एकच आहे म्हणून एकत्र विचारते.

आमचं घर बडोद्याच्या रावपुऱ्यात, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. अर्ध्या खोल्यांत अजून लाकडी पट्टीवरची वायरिंग आहे आणि तार पांढुरकी, म्हणजे ॲल्युमिनियमची. दिवाळीच्या आत सगळं काढून नवं करायचं ठरलंय. वायरमन येऊन बघून गेला आणि त्याने दोन भाव दिले. एक चांगल्या कॉपरचा, दुसरा त्याहून बराच कमी. कमी कसा, म्हणून विचारलं तर म्हणतो, "बेन, तार तो तार छे. लाइट तो बेयमां सरखी ज आवशे." म्हणजे दोन्हींत वीज सारखीच येणार.

हे मी जेवताना सांगत होते, तर दहावीतली लेक म्हणाली, पण आई, मुळात तांबंच कशाला? तिचं म्हणणं असं: पुस्तकात लिहिलंय की तांब्याचा रेझिस्टन्स कमी, म्हणून तार कमी तापते. पण त्याच धड्यात पुढे सूत्र आहे की पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. घरात व्होल्टेज २३० ठरलेलं. मग रेझिस्टन्स जितका कमी तितकी पॉवर जास्त, म्हणजे तांबं जास्त तापायला हवं! आणि गिझरच्या कॉइलचा रेझिस्टन्स जास्त, तर ती गार राहायला हवी.

तिचे बाबा आमटी वाढून घेण्यात गुंतले. आजोबा म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलं लिही." मला दोन्ही पटलं नाही. इथे कोणी नीट सांगेल का? आणि त्या दोन भावांचं काय करू?


अलकापुरी_एक्सप्रेस

लेक बरोबर बोलतेय की! रेझिस्टन्स कमी, करंट जास्त, उष्णता जास्त. शॉर्टसर्किटमध्ये हेच होतं, म्हणून तर आगी लागतात. तांबं वापरतात कारण ते हवं तसं वळतं आणि पणजोबांच्या काळापासून वापरात आहे. बाकी सूत्रं मार्कांपुरती.


मकरपुऱ्याचे_काका

सूनबाई, आधी लेकीचं बघू, मग भावाचं. आजोबांचा सल्ला तिने अजिबात ऐकू नये. सूत्र खरं आहे. गडबड आहे ती त्यात घातलेल्या २३० मध्ये.

त्या सूत्रातलं व्होल्टेज म्हणजे ज्या वस्तूबद्दल बोलतोय तिच्या स्वतःच्या दोन टोकांमधलं. घरात येणारं नव्हे. बोर्डातून निघालेली वायर गिझरच्या कॉइलला जाते, कॉइलमधून दुसरी वायर परत बोर्डात येते. तिघं एकामागोमाग एक जोडलेले. अशा वेळी करंट तिघांतून तोच वाहतो, आणि २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात, ज्याचा रेझिस्टन्स जास्त त्याला जास्त वाटा. वायरीच्या वाट्याला २३० कधी येतच नाहीत. म्हणून इथे दुसरं सूत्र धरायचं: करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. ज्यूलने १८४१ मध्ये मोजून मांडलेलं. करंट सगळ्यांना सारखा, तेव्हा ज्याचा रेझिस्टन्स जास्त तोच तापणार.

माझी नोकरी ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्ये गेली, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. लेकीला वही घेऊन बसवा.

गिझर २००० वॉटचा. २३० व्होल्टवर त्याला ८.७ अँपिअर लागतात, कॉइलचा रेझिस्टन्स २६.४५ ओहम. बोर्डापासून न्हाणीघर १५ मीटर धरा, जाऊन-येऊन ३० मीटर वायर. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची. तिचा रेझिस्टन्स किती? सुमारे ०.२१ ओहम. म्हणजे २३० पैकी वायरीच्या वाट्याला १.८ व्होल्ट, आणि तिच्यात उष्णता जेमतेम १६ वॉट, तीही ३० मीटरवर पसरलेली. हात लावून कळणारसुद्धा नाही.

आता तेवढीच जाड, तेवढीच लांब तार लोखंडाची घ्या. रेझिस्टन्स १.२ ओहमच्या आसपास. वायरीत ८३ वॉट जळतात, १० व्होल्ट वाटेत संपतात. गिझर चालेल, पण बिलातले हे ८३ वॉट भिंतीला शेकायला गेले.

आणि गिझरच्या कॉइलमध्ये असते त्या नायक्रोमचीच वायर टाकली तर? ३० मीटरचा रेझिस्टन्स १३.२ ओहम. करंट घसरून ५.८ अँपिअरवर येतो. गिझरच्या टोकाला १५३ व्होल्टच पोचतात, २००० वॉटचा गिझर ८९० वॉटवर रांगतो, आणि ४४४ वॉट भिंतीतल्या पाइपात. पाणी तापायला दुपटीहून जास्त वेळ, आणि तोवर वायरीवरच्या पीव्हीसीच्या आवरणाची काय दशा होईल ते बघायला नको. साध्या पीव्हीसी वायरीत आतल्या तारेचं तापमान ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं.

म्हणजे कॉइलचा रेझिस्टन्स मुद्दाम जास्त ठेवतात कारण उष्णता तिथेच हवी आहे. वायरीचा मुद्दाम कमी, कारण तिथे काहीच व्हायला नको आहे.

आता अलकापुरीवाल्या भाऊंचं शॉर्टसर्किट. तिथे लेकीचं सूत्र लागू पडतं, कारण मधला गिझर बाजूला पडतो आणि वायरीच्या टोकांवर अख्खे २३० येतात. करंट शेकड्यांनी उसळतो. पण भाऊ, यावरून तांबं धोक्याचं ठरत नाही. उलट आहे, आणि हे पुस्तकात सहसा लिहीत नाहीत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गिझरच्या जागी शॉर्ट झालं. तांब्याच्या ०.२१ ओहममधून हिशोबाने हजाराच्या वर अँपिअर जायला हवेत. रस्त्यावरच्या लाइनचा रेझिस्टन्सही मध्ये येतो म्हणून प्रत्यक्षात काही शे. बोर्डात १६ अँपिअरची सी टाइपची एमसीबी, म्हणजे करंट हद्दीबाहेर गेला की आपोआप पडणारा खटका, आहे असं धरा. तिच्या आतलं चुंबक रेटिंगच्या ५ ते १० पटीत, म्हणजे ८० ते १६० अँपिअरला खटका ओढतं, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. वायर तापायच्या आधी खेळ खलास.

तेच नायक्रोमच्या वायरीत बघा. २३० भागिले १३.२, म्हणजे १७.४ अँपिअर. १६ ची एमसीबी १.१३ पटीपर्यंत, म्हणजे १८ अँपिअरपर्यंत तासभर न पडता टिकली पाहिजे असा नियमच आहे. म्हणजे ती हूं की चूं करणार नाही. आणि वायरीत ४००० वॉट! दर मीटरला १३३ वॉट, लाकडी पट्टीवर. शॉर्ट झालंय हे एमसीबीला कळतच नाही. कमी रेझिस्टन्समुळे शॉर्ट इतका दणदणीत होतो की रक्षक जागा होतो. आग लागते ती बहुतेकदा या दोन्हींच्या मधल्या प्रकारात, ढिल्या जोडात. त्यावर पुढे लिहितो, आत्ता चहा आलाय.


फतेहगंज_फिजिक्स

काकांनी छान उलगडलं. मी कॉलेजात हा धडा शिकवते, म्हणून लेकीसाठी एक भर घालते.

तिने आलेख काढावा. आडव्या अक्षावर वायरीचा रेझिस्टन्स, उभ्यावर वायरीत निर्माण होणारी उष्णता, गिझर काकांचाच. ०.२१ ओहमला १६ वॉट. १.२ ला ८३. १३.२ ला ४४४. मग वायरीचा रेझिस्टन्स बरोबर गिझरइतका, २६.४५ ओहम केला की ५०० वॉट. आणि तिथून पुढे उष्णता कमी होऊ लागते! १०० ओहमच्या वायरीत ३३१ वॉट. म्हणजे "रेझिस्टन्स वाढला की उष्णता वाढते" हेही खरं आणि "वाढला की कमी होते" हेही खरं. टेकडीची एक बाजू पुस्तकातलं वाक्य सांगतं, दुसरी बाजू तुमची लेक सांगते. आपल्या घरांतल्या वायरी टेकडीच्या अगदी डाव्या पायथ्याला असतात, एवढंच. हा आलेख वर्गात काढायला लावला की शेवटच्या बाकावरचेसुद्धा मान वर करतात.

आता तांबंच का. तांबं, चांदी, सोनं, तिघांच्याही अणूत सर्वांत बाहेर एकच इलेक्ट्रॉन असतो आणि त्याच्या आतलं कवच पूर्ण भरलेलं. तो इलेक्ट्रॉन धातूभर मोकळा फिरतो. लोखंडात ते आतलं कवच अर्धवट भरलेलं असल्यामुळे फिरणारे इलेक्ट्रॉन तिथे अडखळतात. हे फार ढोबळ झालं, पण दहावीला चालेल.

नायक्रोमची गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. प्रत्येक धातूचा १ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटर जाड असा तुकडा घेतला तर निकेलचा रेझिस्टन्स ०.०७ ओहमच्या आसपास, क्रोमियमचा ०.१३. दोघांना एकत्र वितळवून नायक्रोम केलं की १.१! दोघांपैकी कोणाहीपेक्षा कितीतरी जास्त. कारण शुद्ध धातूत अणू ओळीने बसलेले असतात, मिश्रणात कुठे निकेल, कुठे क्रोमियम, काही नेम नाही, आणि इलेक्ट्रॉनांना प्रत्येक पावलाला वळण घ्यावं लागतं. त्याच मापाने चांदी ०.०१५९, तांबं ०.०१७२, सोनं ०.०२४, ॲल्युमिनियम ०.०२८, लोखंड ०.१० च्या आसपास.

काका, तापमानाचं तुम्ही लिहाच, तो तुमचा प्रांत.


लष्कर_ग्वाल्हेर

मॅडम, यादीत चांदी पहिली आहे. मग श्रीमंतांच्या राजवाड्यात चांदीची वायरिंग का नव्हती? आमच्या ग्वाल्हेरला जयविलासात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरते, तुमच्या बडोद्याला सोन्या-चांदीच्या तोफा. वायरीनेच काय घोडं मारलं होतं?


मकरपुऱ्याचे_काका

ग्वाल्हेरकर, प्रश्न थट्टेचा असला तरी उत्तर खरंच आहे. चांदी तांब्यापेक्षा सरस आहे ती फक्त ७-८ टक्क्यांनी. तेवढ्यासाठी कोण चांदी भिंतीत पुरेल? वायर जराशी जाड केली की तांब्यात तेच मिळतं. चांदी वापरतात ती कॉन्टॅक्टमध्ये, म्हणजे स्विचचे दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे.

पण टनावारी चांदीच्या वायंडिंगची, म्हणजे गुंडाळीची, खरी गोष्ट एक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ओक रिजला युरेनियम वेगळं करण्यासाठी प्रचंड विद्युतचुंबकं बांधायची होती. तांबं सगळं दारूगोळ्याला लागत होतं. मग १९४२ मध्ये त्यांनी सरकारी तिजोरीतली चांदी उसनी मागितली. १३ हजार टनांच्या वर चांदी वितळवून तिच्या पट्ट्या केल्या आणि चुंबकांवर गुंडाळल्या. युद्ध संपल्यावर परत केली, शेवटची खेप १९७० मध्ये. वायंडिंग करणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकून झोप येत नाही. आमच्याकडे तांब्याचे चिंधीएवढे तुकडे संध्याकाळी तोलून घेत, तिथे चांदीचं काय केलं असेल!

मॅडमनी तापमानाचं म्हटलं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. बडोद्यात जानेवारीच्या सकाळी १५ अंश असतात आणि मे महिन्यात दुपारी ४२. तोच ट्रान्सफॉर्मर, तेच वायंडिंग, पण रेझिस्टन्सचा आकडा दहा टक्क्यांहून जास्त वर. म्हणून रीडिंगबरोबर तापमान लिहिलेलं नसेल तर तो कागद मी फाडून टाकायला लावत असे. सगळे आकडे ७५ अंशांवर आणायचे: २३५ अधिक ७५, भागिले २३५ अधिक त्या वेळचं तापमान, एवढ्याने गुणायचं. नवी पोरं मोबाइलमध्ये करतात, आम्ही भिंतीवर तक्ता लावला होता.

घरासाठी यातून एवढंच घ्यायचं की तापलेल्या वायरीचा रेझिस्टन्स आणखी वाढतो, म्हणजे ती आणखी तापते. २० अंशांवरून ७० वर गेली की वीसेक टक्के जास्त. शुद्धतेचंही तसंच. तांब्यात फॉस्फरस नखभर, म्हणजे शेकडा ०.०४ गेला तरी वीजवहनक्षमता वीसेक टक्क्यांनी घटते. भंगारातून ओतलेल्या तारेचा रंग तांब्याचाच असतो हो, पण आत काय मिसळलंय ते रंग सांगत नाही.


रावपुऱ्याची_सून

काका, मॅडम, खूप आभार. लेक आलेख काढतेय, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसारा आहे.

आज वायरमनला फोन करून विचारलं की स्वस्तातल्या वायरीत नेमकं काय आहे. आधी म्हणाला कॉपरच. मग म्हणाला, "उपर कॉपर छे, अंदर बीजुं कंईक छे, पण चालशे बेन, बधा नाखे छे." म्हणजे आत दुसरंच काहीतरी आहे, पण चालतं, सगळे घालतात. नमुन्याचा तुकडा आणून ठेवलाय. वरून अगदी तांब्याचा दिसतो. कंपनीचं नाव वेष्टनावर आहे, पण ऐकलेलं नाही. हे काय प्रकरण आहे?

आणि आत्ता जी ॲल्युमिनियमची आहे ती इतकी वर्षं चाललीच ना? टॉवरवरच्या तारासुद्धा ॲल्युमिनियमच्या असतात असं वाचलं.


मकरपुऱ्याचे_काका

ते प्रकरण म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. केबल टीव्हीच्या वगैरे वायरीत त्याचा रीतसर उपयोग होतो, तिथे गैर काही नाही. पण घराच्या वायरिंगमध्ये कॉपर म्हणून विकणं ही लबाडी. तुकड्याचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली की झालं.

अख्खं बंडल हातात आलं तर त्याहून सोपं, वजन करा. अडीच चौरस मिलिमीटरच्या ९० मीटरच्या बंडलात तांबं किती असायला हवं? तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम. गुणाकार करा, २ किलो येतं. वरचं पीव्हीसी धरून बंडल ३ किलोच्या आसपास भरलं पाहिजे. तेवढंच ॲल्युमिनियम ६०० ग्रॅमच भरतं, मुलाम्याची तार थोडी जास्त. म्हणजे बंडलमागे किलोभराचा फरक, भाजीच्या ताजव्यातसुद्धा कळेल. आमच्या मकरपुऱ्यात इर्डाची प्रयोगशाळा आहे, केबल-ट्रान्सफॉर्मर तपासायची, पण एका घराच्या वायरीसाठी तिथवर जायची गरज नाही. किराणा दुकानदार ओळखीचा असला की पुरे.

मल्टीमीटरने रेझिस्टन्स मोजून बघू का, असं कोणी विचारायच्या आधीच सांगतो: ९० मीटरचा रेझिस्टन्स २० अंशांवर ०.७२ ओहमच्या आत असायला हवा, हा लवचीक, पुष्कळ बारीक तारांच्या वायरीचा हिशोब, मानकाप्रमाणे किलोमीटरला ७.९८. पण मीटरच्या स्वतःच्या दोन लीडचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ असतो. आम्ही चार तारांनी मोजतो, दोन करंट द्यायला, दोन नुसत्या व्होल्टेज बघायला, म्हणजे लीडचा रेझिस्टन्स मोजमापात शिरत नाही. घरी हे नको.

आता ॲल्युमिनियम. त्याला उगाच शिव्या घालू नयेत. टॉवरवर ते राजा आहे. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या १.६ पट, म्हणजे तेवढाच करंट न्यायला तार १.६ पट जाड हवी. पण घनता २.७, तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. जाड करूनही वजन निम्मंच भरतं. हलकी तार म्हणजे टॉवर दूर दूर, खर्च कमी. ताण सोसायला आत पोलादाच्या तारा. हालोल रस्त्याने जाताना मोठ्या टॉवरवरच्या तारा बघा. ४०० केव्हीच्या लाइनवर मूस नावाची तार फार वापरतात, ॲल्युमिनियमच्या ५४ तारा आणि मधोमध पोलादाच्या ७. या तारांना नावं जनावरांचीच: डॉग, पँथर, झेब्रा, मूस. नव्या पोरांना आम्ही ती पाढ्यांसारखी पाठ करायला लावायचो.

घरात ॲल्युमिनियम बिघडतं ते तारेत नाही, जोडात. सोलल्याबरोबर हवेने त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर वीज नेत नाही. शिवाय ते स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं, आणि तापल्यावर तांब्या-पितळेपेक्षा जास्त फुगतं. स्विच लावला, बंद केला, असं वर्षानुवर्षं, की स्क्रू ढिला. टॉवरवर हे सांभाळायला खास दाबाचे जोड आणि माणसं असतात. आपल्या स्विचबोर्डात कोण बघतंय? अमेरिकेत १९६५ ते १९७३ च्या सुमारास तांबं महागलं म्हणून लाखो घरांत ॲल्युमिनियमची वायरिंग झाली, आणि मग जोड तापून आगी लागू लागल्यावर सगळे हादरले.

ढिल्या जोडाचा हिशोब बघा, मगाशी राहिला होता. एका स्क्रूखाली नुसता अर्धा ओहम आला, गिझरचे ८.७ अँपिअर चालू आहेत. उष्णता ३८ वॉट. तुम्हाला वाटेल, वायरीत १६ जळतच होते, त्यात ३८ ने काय. पण ते १६ होते ३० मीटरवर, हे ३८ आहेत वाटाण्याएवढ्या जागेत. डाग देणारी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. आणि एमसीबीला यातलं काहीही कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही, किंचित कमीच झालाय.

म्हणून तुमची जुनी वायरिंग निघेपर्यंत गिझर, इस्त्री, ओव्हन त्या लाकडी पट्टीच्या खोल्यांत नका लावू. बोर्ड कोमट लागतो का, प्लास्टिक पिवळं पडलंय का, जळका वास येतो का बघा. यांतलं काही असेल तर त्या खोलीचा खटका खाली करून ठेवा. स्वतः उघडत बसू नका.


अलकापुरी_एक्सप्रेस

काका, मान्य. वजनाची युक्ती भारी आहे, आजच आमच्याकडे उरलेलं बंडल तोलतो. पण एक शंका. आमचा वायरमन अजून "सात-बावीस" आणि "तीन-वीस" बोलतो, दुकानदार एमएम बोलतो. कोणाचं ऐकायचं?


मकरपुऱ्याचे_काका

दोघंही बरोबर. सात-बावीस म्हणजे २२ गेजच्या ७ तारा, हिशोबाने २.८ चौरस मिलिमीटर. तीन-वीस म्हणजे २० गेजच्या ३ तारा, जवळपास २. अडीचची वायर मागितली आणि तीन-वीस मिळाली तर पाचवा हिस्सा तांबं गेलं. म्हणून कागदावर चौरस मिलिमीटरच लिहून घ्या. बंडल तोललं की कळवा.


रावपुऱ्याची_सून

तुकडा खरवडला. आत पांढरा. वायरमनला सांगितलं, कॉपरच हवं आणि बंडल आमच्यासमोर तोलायचं. हसला, पण कबूल झाला.

लेकीचा शेवटचा प्रश्न. गाइडमध्ये लिहिलंय की फ्यूजच्या तारेचा रेझिस्टन्स जास्त असतो म्हणून ती वितळते. ती विचारतेय, फ्यूजची तार तर काकांनी सांगितलं तसं करंटच्या वाटेत बसलेली, मग तिथेही उगाच व्होल्ट वाया जात असतील ना? तिला घाई आहे, उद्या चाचणी आहे.


फतेहगंज_फिजिक्स

वाया जातात, पण अगदी थोडे. हल्ली किटकॅट फ्यूजमध्ये कथलाचा मुलामा दिलेली तांब्याचीच बारीक तार घालतात. धातू भारी रेझिस्टन्सचा नाही, तार बारीक आहे. ५ अँपिअरची तार साधारण ०.२ मिलिमीटर जाड असते. तिचा ५ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे जेमतेम ०.०२७ ओहम. ५ अँपिअरला पाऊण वॉटसुद्धा जळत नाही. पण त्याच करंटला मीटरमागे हिशोब केला तर अडीचच्या वायरीपेक्षा ही ८० पट तापते, म्हणून करंट हद्दीबाहेर गेला की वितळण्याची पहिली पाळी हिची.

उद्या चाचणीत "फ्यूजची तार बारीक असल्याने तिचा दर एकक लांबीचा रोध जास्त असतो" असं लिहायला सांगा. गाइडशी जुळेल आणि खरंही असेल.


मकरपुऱ्याचे_काका

मॅडम, बरोबर. फक्त सूनबाई, नव्या बोर्डात फ्यूज नको, एमसीबीच. आणि सोबत आरसीसीबी लिहून घ्या, ३० मिलिअँपिअरची. वायरमन म्हणेल "एनी शी जरूर छे". जरूर आहे. ती शॉक लागण्यापासून वाचवते, त्यात एमसीबीचा काही उपयोग नाही. गिझरला वेगळी अडीचची लाइन, थेट बोर्डातून, मध्ये जोड एकही नको. लेकीला चाचणीसाठी शुभेच्छा, मार्क किती पडले ते कळवा.